अनुबोधपट, विद्यार्थिनिर्मित

वास्तवातील व्यक्ती, स्थळे, व्यवहार वा घटना यांचे प्रत्यक्ष चित्रण करून त्यांच्या मांडणीतून एखाद्या विषयाचे आकलन घडविणाऱ्या चित्रपटास अनुबोधपट म्हणतात. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून किंवा शिक्षण घेत असताना स्वतंत्रपणे विद्यार्थ्यांनी तयार केलेला असा चित्रपट म्हणजे विद्यार्थिनिर्मित अनुबोधपट होय. त्याची लांबी सामान्यतः पाच ते तीस मिनिटे असते. निर्मितिगट दोन ते पाच जणांचा असतो आणि द्रव्यबळ तुटपुंजे असते. या मर्यादांमुळे त्यात नियोजनाला व्यावसायिक अनुबोधपटापेक्षाही अधिक महत्त्व येते. हुकलेले दृश्य व्यावसायिक निर्माता पुन्हा खर्च करून टिपू शकतो. विद्यार्थ्याला ती संधी क्वचितच मिळते. मात्र त्याच्यापाशी एक वेगळे भांडवल असते : ओळखीचा परिसर, तेथील भाषेची जाण आणि एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाण्याची सोय. या भांडवलाचा उपयोग कसा करता येतो, हे प्रस्तुत नोंदीत नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद या तालुक्याच्या गावाचे उदाहरण घेऊन स्पष्ट केले आहे.

पार्श्वभूमी : भारतातील चित्रपटकलेचा प्रारंभच मुळी वास्तवाच्या चित्रणाने झाला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील एका कुस्तीचे चित्रण केले. केंब्रिजहून रँग्लर ही पदवी मिळवून १९०१ मध्ये परतलेले र. पु. परांजपे यांच्या मुंबईतील स्वागताचे दृश्यही त्यांनी टिपले. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये इंग्लंडमधून चित्रपटाचे तंत्र शिकून व कॅमेरा घेऊन आले, तेव्हा कथापटासाठी भांडवल उभे करण्यापूर्वी त्यांनी अंकुराची वाढ हा लघुपट केला. कुंडीतील वाटाण्याच्या रोपाच्या वाढीची एकेक चित्रचौकट ठरावीक अंतराने टिपून त्यांनी अनेक दिवसांची क्रिया थोडक्या वेळात पडद्यावर दाखविली. घरातील एक कुंडी, एक कॅमेरा, निश्चित वेळापत्रक आणि चिकाटी एवढ्याच साधनांवर हा प्रयोग उभा होता. नवशिक्याने आपल्या साधनांस पेलेल असा विषय कसा निवडावा, याचे ते आजही उत्तम उदाहरण ठरते.

‘डॉक्युमेंटरी’ ही संज्ञा चित्रपटाच्या संदर्भात जॉन ग्रीअर्सन या स्कॉटिश समीक्षकाने १९२६ मध्ये रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या मोआना या चित्रपटाविषयी लिहिताना वापरली. वास्तवाची सर्जनशील मांडणी, अशी त्याने पुढे अनुबोधपटाची व्याख्या केली. या व्याख्येतील ‘वास्तव’ आणि ‘मांडणी’ या दोन शब्दांतील ताण हाच या चित्रप्रकाराचा कायमचा प्रश्न आहे. फ्लाहर्टी यांच्या नानूक ऑफ द नॉर्थ (१९२२) या विख्यात चित्रपटातील बर्फाच्या घराचे अंतर्दृश्य घेण्यासाठी पुरेसा प्रकाश मिळेना, म्हणून एक बाजू उघडी असलेले घर मुद्दाम बांधण्यात आले होते. कॅमेऱ्यासाठी वास्तवात किती बदल करावा आणि तो प्रेक्षकाला सांगावा की नाही, हा प्रश्न विद्यार्थ्यालाही पहिल्याच चित्रणात भेडसावतो.

स्वातंत्र्योत्तर काळात केंद्र शासनाने १९४८ मध्ये मुंबईस फिल्म्स डिव्हिजन ही संस्था स्थापन केली. तिचे अनुबोधपट देशभरातील चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी दाखविले जात. २०२२ मध्ये तिचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण करण्याचा निर्णय अमलात आला. तिच्या पुढाकाराने १९९० पासून भरू लागलेल्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात अनुबोधपट, लघुपट व सचेतनपट दाखविले जातात. पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या जागेत १९६० मध्ये सुरू झालेल्या व पुढे भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने विद्यार्थ्यांच्या चित्रपटनिर्मितीस पद्धतशीर शिक्षणाचे रूप दिले. पुढे विद्यापीठांत व महाविद्यालयांत संज्ञापनविद्येचे अभ्यासक्रम सुरू झाल्यावर अशी निर्मिती मोठ्या शहरांबाहेरही होऊ लागली. अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथील महाविद्यालयात संज्ञापनविद्येचे शिक्षण घेत असताना नागराज मंजुळे यांनी केलेल्या पिस्तुल्या या लघुपटास २०१० सालासाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत कथाबाह्य विभागातील पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. तो अनुबोधपट नसून कथात्मक लघुपट आहे. तथापि जवळच्या समाजजीवनातून विषय घेण्याच्या दृष्टीने तो मार्गदर्शक ठरतो. मराठवाड्यात नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात (स्थापना १९९४) तसेच छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात माध्यमांच्या शिक्षणाची सोय आहे.

विषयाची निवड : विषय आणि क्षेत्र यांत फरक करणे ही नियोजनाची पहिली पायरी होय. ‘पाणी’, ‘शेती’, ‘सीमाभाग’ ही क्षेत्रे आहेत. त्यांवर दहा मिनिटांचा चित्रपट होऊ शकत नाही. चित्रपटासाठी असा प्रश्न शोधावा लागतो, की ज्याचे उत्तर विशिष्ट ठिकाणी, विशिष्ट काळात व विशिष्ट माणसांच्या कृतींतून दिसू शकेल. विषयाच्या तीन कसोट्या सांगता येतात. तो डोळ्यांना दिसणारा असावा. चित्रणाच्या काळात त्यात काही बदल घडणारा असावा. आणि त्याच्याशी संबंधित माणसांपर्यंत विद्यार्थ्याला पोहोचता यावे. एखादा विषय कितीही महत्त्वाचा असला, तरी त्यात मुलाखतींखेरीज दाखविण्यासारखे काही नसेल, तर तो लेखासाठी किंवा ध्वनिकार्यक्रमासाठी अधिक योग्य समजावा.

धर्माबाद हे गाव नांदेडच्या आग्नेयीस, मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर, तेलंगणाच्या सीमेलगत आहे. सरस्वतीच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले तेलंगणातील बासर हे क्षेत्र येथून जवळ आहे. हा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. मराठीबरोबर तेलुगूही येथे सर्रास कानी पडते. लाल मिरचीची बाजारपेठ म्हणून गावाची ख्याती असून गोदावरीवरील बाभळी बंधारा याच तालुक्यात आहे. यांपैकी मिरचीचा बाजार आणि बंधारा हे दोन विषय वरील तिन्ही कसोट्यांना उतरतात.

मिरचीबाजाराचा विषय रंग, हालचाल व ध्वनी यांनी समृद्ध आहे. मालाची आवक, वाळवण, देठ खुडणे, लिलाव, वजन, पोती भरणे व दळण हे टप्पे एकामागून एक येत असल्याने चित्रपटाला आयता क्रम लाभतो. परंतु तेवढ्याने केवळ प्रक्रियेची माहिती मिळते. एका पोत्याचा प्रवास शेतापासून गिरणीपर्यंत दाखवावा आणि प्रत्येक टप्प्यावर त्याची किंमत कशी बदलते व कोणाच्या पदरी काय पडते, ते नोंदवावे. म्हणजे त्याच दृश्यांतून एक अर्थव्यवहार उलगडतो.

नियोजनाचा नमुना, बाभळी बंधारा : बंधाऱ्याचा विषय अधिक अवघड, परंतु नियोजनाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. चौदा दरवाजांचा हा बंधारा महाराष्ट्राच्या हद्दीत, मात्र तेलंगणातील श्रीरामसागर (पोचमपाड) धरणाच्या जलाशयक्षेत्रात बांधलेला आहे. त्यामुळे आपल्या वाट्याचे पाणी अडविले जाईल, असा आक्षेप घेऊन आंध्र प्रदेश राज्याने २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. जुलै २०१० मध्ये बंधारा पाहण्यासाठी निघालेले तेलुगू देसम पक्षाचे नेते एन. चंद्राबाबू नायडू व त्यांचे सहकारी यांना महाराष्ट्र पोलिसांनी अटक करून धर्माबाद येथे ठेवले, तेव्हा या वादाकडे साऱ्या देशाचे लक्ष वेधले गेले. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंधाऱ्याच्या वापरास काही अटींवर मान्यता दिली. त्यानुसार बंधाऱ्याचा साठा २.७४ अब्ज घनफूट (सु. ७.७६ कोटी घ. मी.) इतका मर्यादित राहील, १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात दरवाजे वर उचललेले राहतील, आणि दर वर्षी १ मार्च रोजी ०.६ अब्ज घनफूट (सु. १.७ कोटी घ. मी.) पाणी खाली सोडावे लागेल. अटींच्या पालनावर देखरेख ठेवण्यासाठी केंद्रीय जल आयोग व दोन्ही राज्ये यांच्या प्रतिनिधींची त्रिसदस्य समिती नेमण्यात आली. २०१४ मध्ये आंध्र प्रदेशाचे विभाजन झाल्यावर त्या राज्याची जागा तेलंगणाने घेतली.

न्यायालयाच्या या अटींनी चित्रपटाचे वेळापत्रकच आखून दिलेले आहे. दरवाजे उचलण्याचा, ते खाली सोडण्याचा आणि पाणी सोडण्याचा, असे तिन्ही प्रसंग एका शैक्षणिक वर्षात येतात. जुलैत नदी मोकळी वाहते, ऑक्टोबरच्या अखेरीस ती थांबते आणि मार्चमध्ये तिचा काही भाग पुढे जातो. ही तीन दृश्ये चित्रपटाचे तीन अंक होऊ शकतात. त्यांपैकी एक हुकले, तर ते पुढील वर्षापर्यंत पुन्हा मिळत नाही. म्हणून त्या तारखा प्रथम निश्चित करून उरलेले काम त्यांच्या भोवती बसवावे लागते. निसर्गाच्या किंवा शासनाच्या वेळापत्रकाने बांधलेले असे विषय अनुबोधपटास नवीन नाहीत. विजया मुळे यांनी हुगळी नदीत शिरणाऱ्या भरतीच्या लाटेवर द टायडल बोअर (१९६७) हा अनुबोधपट केला, तोही असाच भरतीच्या घड्याळाशी बांधलेला होता.

या विषयातील नाट्य दरवाजांच्या हालचालीत नसून त्यांच्या कालक्रमात आहे. पावसाळ्यात नदीला पाणी असते तेव्हा ते अडविता येत नाही आणि दरवाजे बंद होतात तेव्हा पावसाळा संपलेला असतो, ही धर्माबाद परिसरातील शेतकऱ्यांची व्यथा आहे. वर अडविलेला प्रत्येक थेंब आपल्या कालव्यातून वजा होतो, ही श्रीरामसागराच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांची भीती आहे. दोन्ही बाजूंचे शेतकरी अवर्षणप्रवण प्रदेशातील आहेत आणि एकाच नदीवर विसंबून आहेत. विद्यार्थी सामान्यतः आपल्या बाजूचा असतो. त्यामुळे पलीकडच्या गावात जाऊन निदान एका शेतकऱ्याचे म्हणणे त्याच्या भाषेत ऐकणे, हा या चित्रपटाच्या प्रामाणिकपणाचा कस ठरतो. न्यायनिवाडा करणे हे अनुबोधपटाचे काम नव्हे. निवाडा ज्या माणसांच्या जगण्यावर उमटतो, ती माणसे दाखविणे हे त्याचे काम होय.

पूर्वतयारी : विषय ठरल्यावर कॅमेऱ्याविना काही भेटी द्याव्यात. या भेटींत जागेची पाहणी, प्रकाशाची दिशा, आवाजाचे अडथळे व बोलणाऱ्या व्यक्ती यांची टिपणे घेतली जातात. धरणे, बंधारे, रेल्वेस्थानके यांसारख्या ठिकाणी चित्रणासाठी संबंधित खात्यांची लेखी परवानगी आगाऊ मिळवावी. त्यासाठी महाविद्यालयाचे पत्र उपयोगी पडते. ड्रोनद्वारा चित्रण करावयाचे असल्यास २०२१ च्या ड्रोन नियमांचे बंधन असते.

त्यानंतर एका पानाचा आराखडा तयार करतात. चित्रपटाचा मध्यवर्ती प्रश्न, त्यातील व्यक्ती, अपेक्षित दृश्ये, लांबी, चित्रणाचे दिवस व खर्च यांचा त्यात उल्लेख असतो. कथापटाप्रमाणे अनुबोधपटाची संवादासह पूर्ण संहिता आधी लिहिता येत नाही. कारण वास्तव लेखकाचे ऐकत नाही. परंतु आराखडाच नसेल, तर कॅमेरा समोर येईल ते टिपत राहतो आणि हाती दृश्यांचा ढीग उरतो. आराखडा हा गृहीतकासारखा मानावा. तो चित्रणात चुकीचा ठरल्यास बदलावा.

लहान गटात दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनिमुद्रण व व्यवस्थापन ही चार कामे स्पष्टपणे वाटून द्यावीत. खर्चात प्रवास, निवास, उपकरणांचे भाडे आणि साठवणसाधने यांचा प्रामुख्याने समावेश होतो. प्रत्येक दिवसाच्या चित्रणाच्या दोन स्वतंत्र प्रती त्याच रात्री करून त्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणे आवश्यक असते.

चित्रण : सोळा मिलिमीटर फिल्मच्या काळात १०० फुटांचे रीळ सेकंदाला २४ चौकटी या गतीने पावणेतीन मिनिटांत संपत असे. फिल्म महाग असल्यामुळे प्रत्येक दृश्य विचारपूर्वक घ्यावे लागे. अंकीय कॅमेऱ्यामुळे, किंबहुना साध्या भ्रमणध्वनीमुळेही, ही टंचाई संपली. पण ती संकलनाच्या टेबलावर वेळेच्या टंचाईच्या रूपाने पुन्हा उभी राहते. चाळीस तासांचे चित्रण नुसते पाहण्यासच एक आठवडा जातो. म्हणून जुन्या काळची काटकसर ही शिस्त म्हणून आजही उपयोगी आहे.

प्रत्येक स्थळी दूरदृश्य, मध्यदृश्य व समीपदृश्य अशी तिन्ही प्रकारची दृश्ये घेतल्यास संकलन सुकर होते. कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून प्रत्येक दृश्य निदान दहा सेकंद टिपावे. काम करणारे हात, तराजूचा काटा, पाणपातळीच्या मोजपट्टीवरील आकडे अशी समीपदृश्ये निवेदनाची अनेक वाक्ये वाचवितात. मराठवाड्यातील उन्हाळ्यात दुपारचा प्रखर प्रकाश चेहऱ्यावर गडद सावल्या पाडतो. म्हणून सकाळी व सायंकाळी चित्रण करणे इष्ट असते. मिरचीच्या बाजारात हवेतील धुळीमुळे खोकल्याचा ठसका लागतो व उपकरणेही बिघडतात. तेथे कॅमेरा झाकून न्यावा आणि भिंग बदलण्याचे काम बाहेर करावे.

ध्वनीकडे विद्यार्थ्यांचे सर्वाधिक दुर्लक्ष होते. अंधूक दृश्य प्रेक्षक सहन करतो, पण न समजणारे बोलणे सहन करीत नाही. बंधाऱ्यावर वारा व पाणी यांचा आवाज बोलण्यावर मात करतो. तेथे मुलाखत न घेता बोलणाऱ्यास बाजूच्या शेतात किंवा घराच्या ओट्यावर न्यावे आणि ध्वनिग्राहक त्याच्या छातीजवळ लावावा. प्रत्येक स्थळाचा मोकळा परिसरध्वनी एक मिनिट स्वतंत्रपणे मुद्रित करून ठेवल्यास संकलनात दृश्यांचे सांधे त्याने झाकता येतात.

मुलाखतीत होय किंवा नाही एवढ्याच उत्तराचे प्रश्न टाळावेत. ‘पाणी मिळत नाही का?’ असे विचारण्याऐवजी ‘दरवाजे बंद झाल्यावर तुम्ही पहिले काम कोणते करता?’ असे विचारल्यास उत्तरातून दृश्य मिळते. उत्तर संपल्यावर काही क्षण थांबणे उपयुक्त असते. अनेकदा महत्त्वाची गोष्ट त्या शांततेनंतर सांगितली जाते.

संकलन : चित्रणाची दृश्यवार यादी आणि मुलाखतींची लेखी प्रत तयार केल्यावर कागदावरच पहिली जुळणी करतात. नंतर संगणकावर कच्चे संकलन करून ते क्रमाक्रमाने आटोपशीर केले जाते. या टप्प्यावर चित्रपटाचा प्रश्न पुन्हा वाचावा व त्याच्याशी संबंध नसलेली दृश्ये, ती कितीही सुंदर असली, तरी वगळावीत. निवेदन सर्वांत शेवटी लिहावे. जे पडद्यावर दिसते ते त्यात पुन्हा सांगू नये, तर तारखा, आकडे, पूर्वेतिहास असे न दिसणारेच सांगावे. तेलुगूतील बोलण्यास मराठी उपशीर्षके देताना भाषांतर त्या भाषेच्या जाणकाराकडून तपासून घेणे अगत्याचे असते. एका बाजूचे म्हणणे अर्धवट भाषांतरित झाले, तर साऱ्या चित्रपटाचा तोल जातो.

काळाची उलटापालट हा संकलनातील नाजूक मुद्दा आहे. जुलैतील पाण्याचे दृश्य मार्चच्या निवेदनावर वापरल्यास चित्र आकर्षक होते, पण विधान खोटे ठरते. जेथे सारा वाद पाणी कोणत्या तारखेला कोठे होते याविषयीच आहे, तेथे ही सवलत घेता येत नाही. अशा चित्रपटात महत्त्वाच्या दृश्यांवर तारीख देणे योग्य ठरते.

नैतिक व कायदेशीर बाजू : चित्रित व्यक्तींची संमती तिला समजेल अशा भाषेत, चित्रपट कोठे दाखविला जाणार हे सांगून घ्यावी. अज्ञान मुलांच्या बाबतीत पालकांची संमती घ्यावी लागते. हमाल, मजूर स्त्रिया किंवा लहान शेतकरी यांनी मालक, व्यापारी अथवा अधिकारी यांच्याविषयी केलेल्या विधानांमुळे त्यांच्या रोजगारावर परिणाम होऊ शकतो. चित्रपट संपला की विद्यार्थी गावातून निघून जातो, बोलणारा मात्र तेथेच राहतो, याचे भान ठेवून प्रसंगी त्याचे नाव किंवा चेहरा वगळावा. कॅमेऱ्यासाठी एखादी क्रिया पुन्हा करवून घेतली असल्यास ती नित्याचीच असावी. न घडलेली गोष्ट घडवून आणू नये.

चित्रपटाच्या जाहीर प्रदर्शनास १९५२ च्या चलच्चित्र अधिनियमानुसार प्रमाणपत्र आवश्यक असते. संगीत, छायाचित्रे वा वृत्तचित्रणातील उतारे वापरताना १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे पालन करावे लागते. शिक्षणकार्यासाठी त्या कायद्यात काही सवलती असल्या, तरी जाहीर प्रदर्शनास त्या लागू होतीलच असे नाही. म्हणून स्थानिक कलावंतांकडून परवानगीने मुद्रित केलेले संगीत किंवा केवळ परिसरध्वनी वापरणे सोयीचे ठरते.

उपयोग व मर्यादा : अशा चित्रपटाचे पहिले प्रदर्शन तो ज्यांच्याविषयी आहे त्यांच्यासमोर व्हावे. वस्तुस्थितीतील चुका तेथे तत्काळ निदर्शनास येतात. एका वर्षात व दहा मिनिटांत आंतरराज्य पाणीवाटपासारखा प्रश्न संपूर्णपणे मांडता येत नाही. गोदावरी पाणीवाटप लवाद, अभियंत्यांची गणिते व न्यायालयीन युक्तिवाद यांसाठी लिखित अभ्यासच वाचावे लागतात. मात्र अमुक वर्षी अमुक तारखेला नदी कशी दिसत होती आणि काठावरचा माणूस काय म्हणत होता, ही नोंद त्या अभ्यासांत सापडत नाही. तारीख, स्थळ व बोलणाऱ्यांची संमती यांच्या टिपणांसह मूळ चित्रण महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जतन केल्यास पुढील विद्यार्थ्यांना त्याच जागी पुन्हा चित्रण करून तुलना करता येते. विद्यार्थिनिर्मित अनुबोधपट अशा रीतीने वर्षानुवर्षे साठत गेले, तर एखाद्या तालुक्याचा दृश्य इतिहास त्यांतून तयार होऊ शकतो.